परक्या देशात घर घेताना



आमच्या बेळगावात, आणि मला वाटते गोव्यात, बडोद्यात, हैदराबादेतही, आता असे घर सापडणे कठीण की ज्यातील कोणी ना कोणी समुद्रापलीकडे नाही. पूर्वी माणूस परदेशी जाई तो परत येण्यासाठी. तेथे तो भाड्याच्या खोलीत राही, पैसा गावी पाठवी, आणि बांधावयाचे ते गावातच बांधी. हल्लीची मुले तेथेच घर घेतात. मग एके रात्री त्यांचा फोन येतो, 'आम्ही घर पाहिले आहे,' आणि आपण इकडे आनंदाने पेढे वाटतो. त्या देशात घर पाहणे आणि घर मिळणे यांच्या दरम्यान काय काय घडते, याची आपणास कल्पना नसते. मलाही नव्हती. माझ्या धाकट्या भावाने २०२५ साली इंग्लंडात घर घेतले, त्या निमित्ताने जे शिकावे लागले ते आज सांगावयाचे आहे.

भाऊ व भावजय मध्य इंग्लंडातील एका गावी राहतात. ती परिचारिका, तो एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या कामावर. सहा वर्षे भाडे भरून दोघे कंटाळली होती. त्यांना प्रथम एक दोन खोल्यांचा फ्लॅट आवडला. किंमत १,६५,००० पौंड, आसपासच्या फ्लॅटांपेक्षा बरीच कमी. स्वस्त का, हे त्यांनी विचारले नाही. मीही विचारले नाही.

उत्तर एका शब्दात होते : लीजहोल्ड. इंग्लंड व वेल्समध्ये जमिनीची मालकी मुख्यतः दोन प्रकारची असते. फ्रीहोल्ड म्हणजे जमीन व घर दोन्ही आपली, कायमची. लीजहोल्ड म्हणजे ठराविक मुदतीचा पट्टा. १९२५ च्या मालमत्ता कायद्याने जुन्या काळातील नाना प्रकारचे हक्क मोडून हे दोनच ठेवले. स्वतंत्र घरे बहुधा फ्रीहोल्ड, आणि फ्लॅट जवळजवळ सारेच लीजहोल्ड. आपल्याकडे हा प्रकार अगदीच अपरिचित आहे असे नाही. छावणी भागात जुन्या बंगल्याखालची जमीन सरकारची असते, आणि मुंबईतही लांब मुदतीच्या पट्ट्यांवर उभ्या असलेल्या इमारती पुष्कळ. परंतु आपण पट्ट्याची वर्षे मोजत बसत नाही. इंग्लंडात ती मोजावीच लागतात. नव्वद-शंभर वर्षे उरली असतील तोवर कोणी काही म्हणत नाही. ती ऐंशीच्या खाली गेली की पट्टा वाढवून घेण्याचा खर्च एकदम चढतो, कारण वाढीव मुदतीने घराची जी किंमत वाढते तिच्यात जमीनमालकाला वाटा द्यावा लागतो. हा वाटा बंद करण्याचे २०२४ च्या कायद्याने ठरविले. तथापि त्या कायद्याची सारी कलमे एकदम अमलात आली नाहीत, म्हणून केवळ 'कायदा बदलला' एवढ्यावर कोणी विसंबू नये. भावाच्या फ्लॅटचा पट्टा एकाहत्तर वर्षांचा उरला होता. कर्ज देणाऱ्या संस्थेने तेवढे वाचले आणि नकार कळविला. तोपर्यंत तपासणी व वकील यांवर सुमारे १,४०० पौंड खर्च झाले होते. ते गेले ते गेलेच.

या पट्ट्याबरोबर जमिनीचे भाडेही असते. जुन्या पट्ट्यांतून ते तिमाहीच्या दिवशी देय होई आणि ते दिवस पाहून मला गंमत वाटली. २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे दिवस तोंडपाठ असतात : देवदूताने मरियेला दिलेला निरोप, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्म, संत मिखाएल आणि नाताळ. सण मोजत मोजत भाडे गोळा करण्याची ही रीत मध्ययुगापासूनची. काही पट्ट्यांत हे भाडे दर दहा-पंधरा वर्षांनी दुप्पट होण्याची अट घातलेली असे, आणि त्यामुळे अनेक कुटुंबांना आपले घर विकता येईनासे झाले. अखेर ३० जून २०२२ पासून नव्या निवासी पट्ट्यांवर सामान्यतः पैशातले भाडे घेण्यास बंदी झाली. कायद्याच्या भाषेत आता भाडे किती, तर मिरीचा एक दाणा! करार पक्का होण्यास काहीतरी नाममात्र मोबदला दाखवावा लागतो, तो इंग्रज पूर्वापार मिरीच्या दाण्यात दाखवीत आले. ही मिरी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून जात असे, तेव्हा आपल्या कोकणी-मलबारी मिरीने तिकडच्या किती घरांचे भाडे भरले असेल कोण जाणे. असो. जुन्या पट्ट्यांना मात्र ही बंदी लागू नाही. शिवाय देखभालीचा वार्षिक आकार निराळा, आणि उंच इमारत असेल तर बाहेरच्या आच्छादनाची चौकशी निराळी. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली, त्यानंतर अशा आच्छादनांच्या इमारतींतील फ्लॅटांना कर्ज मिळणे दुरापास्त झाले होते.

फ्लॅटचा नाद सोडून त्यांनी ओळीतील एक जुने विटांचे घर पाहिले. फ्रीहोल्ड, तीन शयनगृहे, मागे हातभर बाग. किंमत २,६०,००० पौंड ठरली. 'ठरली' असे मी म्हणते खरे, पण या शब्दालाच तिकडे फारसा अर्थ नाही. आपल्याकडे बयाणा दिला, साठेखत झाले, की माणूस निर्धास्त होतो. इंग्लंडात विक्रेत्याने 'होय' म्हटले तरी दोन्ही बाजूंच्या करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो. यात दोन-तीन महिने सहज जातात. मध्येच दुसऱ्या कोणी जास्त किंमत देऊ केली तर विक्रेता ती खुशाल घेऊ शकतो, आणि आपला खर्च बुडतो. स्कॉटलंडची रीत वेगळी. तेथे वकिलांच्या पत्रव्यवहारातूनच व्यवहार लवकर बंधनकारक होतो, आणि घराची तपासणी विकणाऱ्यानेच आधी करून ठेवावयाची असते. माझ्या मते त्यांची रीत अधिक सभ्य आहे, पण भावाची नोकरी इंग्लंडात.

हे दोन-तीन महिने कशात जातात? खरेदीदाराचा सॉलिसिटर स्थानिक नगरपालिकेकडे, पाणीपुरवठ्याकडे चौकशा धाडतो. रस्ता रुंद व्हावयाचा आहे काय, सांडपाण्याची नळी कोणाच्या अंगणातून जाते, घर पुराच्या पट्ट्यात आहे काय, खाली जुनी कोळशाची खाण आहे काय. ही शेवटची शंका आपल्याला चमत्कारिक वाटेल, परंतु मध्य व उत्तर इंग्लंडात ती खरोखर विचारावी लागते. दुसरीकडे तपासनीस घर पाहतो. येथे एक गफलत सर्वांची होते. कर्ज देणारी संस्था जो माणूस पाठविते तो संस्थेसाठी किंमत पाहतो, आपल्यासाठी भिंत पाहत नाही. आपल्यासाठी वेगळी तपासणी आपणच पैसे देऊन करवून घ्यावी. भावाने या खेपेस ती करविली. छपराच्या एका कोपऱ्यात ओल निघाली आणि विक्रेत्याने दुरुस्तीपुरती थोडी रक्कम रोख देऊन तो प्रश्न मिटविला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सारे सुरळीत चालले असता सॉलिसिटरच्या प्रश्नावलीत एक प्रश्न आला : खरेदीदारांपैकी कोणाचाही, जगात कोठेही, राहत्या घरात मालकी हिस्सा आहे काय?

जगात कोठेही. या दोन शब्दांनी आमची झोप उडविली. आमचे वडील वारले त्याला दहा वर्षे झाली, आई त्यानंतर गेली. आम्हा ख्रिस्ती लोकांना येथे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू, त्यात मुलगा-मुलगी समान. म्हणजे बेळगावचे घर निम्मे माझे, निम्मे भावाचे. मी त्यात राहते, कर भरते, कौले शेकारते, पण उताऱ्यावर दोघांची नावे. आणि इंग्लंडचा मुद्रांक कर या उताऱ्याची दखल घेतो.

तो कर कसा बसतो पाहा. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडात पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत शेकडा २, आणि त्यापुढच्या टप्प्यावर शेकडा ५. या हिशोबाने २,६०,००० च्या घरावर ३,००० पौंड. जो आयुष्यात प्रथमच घर घेतो त्याला ३,००,००० पर्यंत काहीच कर नाही. भावाने मनात शून्य धरले होते. परंतु 'प्रथमच' याचा अर्थ जगात कोठेही पूर्वी घर नसणे, आणि वारसाने मिळालेले घरही त्यात धरले जाते. एवढ्यावर भागत नाही. ज्याच्याजवळ आधीच ४०,००० पौंड किंवा अधिक किमतीचा घराचा हिस्सा आहे, त्याला दुसरे घर घेताना संपूर्ण किमतीवर शेकडा ५ अधिक द्यावे लागतात. ३१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी ते ३ होते. पती-पत्नींपैकी एकाचा हिस्सा दोघांच्याही माथी बसतो. तीन वर्षांच्या आत वारसाने मिळालेला निम्मा किंवा कमी हिस्सा माफ आहे, पण आमची तीन वर्षे केव्हाच उलटली होती. बेळगावात जागांचे भाव आज काय आहेत ते आपण जाणता. घराचा अर्धा वाटा ४०,००० पौंडांच्या वर सहज जात होता. म्हणजे ३,००० अधिक १३,००० मिळून १६,००० पौंड. त्यांची सारी बचत २६,००० ची, आणि ती तर किमतीचा दहावा हिस्सा म्हणून भरावयाची होती.

गोव्यातील श्रोत्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. तेथील नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार केला नसेल तर, लग्नाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडात जाऊन स्विंडनसारख्या गावी स्थायिक झालेली कितीतरी गोमंतकीय कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी ज्याचे नाव आजोबांच्या घराच्या कागदात पंधरा वारसांमध्ये आहे, त्याच्या हिश्शाची किंमत कदाचित मर्यादेखाली राहील, पण 'प्रथमच घर घेणारा' ही सवलत त्या एका नावानेही हुकू शकते. वेल्स व स्कॉटलंड यांचे कर निराळे आहेत, तेथील वकिलालाच विचारावे. आणि जो वर्षात १८३ दिवसही ब्रिटनमध्ये राहिलेला नाही अशा खरेदीदाराला, इंग्लंडात घर घेतल्यास, एप्रिल २०२१ पासून आणखी शेकडा २ पडतात. भारतात बसून 'मुलासाठी लंडनला एक फ्लॅट घेऊन ठेवू' म्हणणाऱ्यांनी हे धरून चालावे.

नातलगांनी सल्ला दिला तो आपण ओळखला असेलच. बेळगावच्या घराची इंग्लंडात कोणाला खबर? 'नाही' लिहून द्यावे. भाऊ फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आक्का, खाली सही मला करायची आहे." त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. कर चुकविण्यासाठी खोटे विधान हा तेथे गुन्हा आहे आणि परक्या देशात राहण्याचा परवाना ज्याच्यावर अवलंबून, त्या माणसाने तो धोका पत्करणे वेडेपणाचे ठरले असते. घर भावजयीच्या एकटीच्या नावे घ्यावे तर तिच्या एका पगारावर तेवढे कर्ज मिळेना, आणि पती-पत्नीचा नियम तर होताच.

वाटा दोनच होत्या. १६,००० भरणे, नाहीतर खरेदी पुरी होण्याच्या आत बेळगावच्या घरातील हक्क खरोखर सोडणे. 'खरोखर' या शब्दावर सॉलिसिटरने दोनदा जोर दिला. कागदावर सोडावयाचे आणि आपसात 'हिस्सा तुझाच' म्हणावयाचे, हे चालणार नव्हते. आपल्याकडे हक्कसोड म्हटली की बहिणीने भावाला सोडावयाची, हे इतके अंगवळणी पडले आहे की आमच्या कारकुनाने पहिला मसुदा उलटाच करून आणला, मी सोडणारी आणि भाऊ घेणारा! मला स्वतःला हा व्यवहार गोड वाटत नव्हता. मी त्याला म्हटले, लोक म्हणतील बहिणीने अडचणीत धरून घर लिहून घेतले. तो म्हणाला, लोकांना शेकडा पाचचा हिशेब समजावून सांग. तो मी आज रेडिओवरून समजावून सांगत आहे असे म्हटले तरी चालेल.

हक्कसोडपत्राला त्याने येथे यावयास हवे होते, ते जमणार नव्हते. म्हणून मुखत्यारपत्र. ते लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करावे लागते आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मग उपनिबंधकाच्या कचेरीत नोंदणी, मग उताऱ्यावर नाव कमी होणे. तिकडे विक्रेत्याची घाई, कारण तो स्वतः दुसरे घर घेत होता आणि त्या घराचा मालक तिसरे. या प्रकाराला ते साखळी म्हणतात, आणि एक कडी अडली की सर्व खोळंबतात. दर सोमवारी दलालाचा फोन, दर मंगळवारी माझी कचेरीत फेरी. आठवा आठवडा संपता संपता विक्रेत्याने एक तारीख सांगितली, त्यापुढे तो थांबणार नव्हता. नोंदणी त्या तारखेच्या चार दिवस आधी झाली. कर ३,००० च बसला.

याच काळात मीही थोडी मदत पाठविली. त्याचे नियमही सांगते. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठविता येतात. २००४ साली ही योजना २५,००० डॉलरांनी सुरू झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा कमी करून परदेशी घर घेण्यास बंदीच घातली होती, ती २०१४ साली उठली. घरातील नातेवाइकांना आपापल्या मर्यादा एकत्र करून घर घेता येते, मात्र प्रत्येकाने नियम पाळून. यासाठी येथील बँकेचे कर्ज काढता येत नाही. वर्षात १० लाखांच्या वर रक्कम गेली की शिक्षण व औषधोपचार सोडून इतर कारणांसाठी त्या वरच्या भागावर शेकडा २० कर बँक आधीच कापून घेते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. माझे सहा लाख होते, म्हणून मला ही झळ लागली नाही. तिकडच्या कर्जसंस्थेने मात्र माझ्याकडून एक पत्र मागितले : हा पैसा भेट आहे, परत मागणार नाही, आणि त्या घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही. माझ्या वेतनाचे व बचतीचे दाखलेही जोडावे लागले. एकाच महिन्यात त्याने या घरावरचा हक्क सोडल्याची आणि मी त्या घरावर हक्क नसल्याची, अशा दोन सह्या आमच्या झाल्या.

करारपत्रांची अदलाबदल झाली की दहा टक्के रक्कम द्यावयाची, आणि सामान्यतः त्या दिवसापासून घराचा विमा खरेदीदाराने उतरवावयाचा, किल्ली मिळाली नसली तरी. उरलेली रक्कम पाठविताना एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. लबाड लोक ईमेल चोरून वाचतात आणि नेमक्या त्या दिवशी 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र सॉलिसिटरच्या नावाने धाडतात. असे पत्र आले तर पैसे पाठवू नयेत, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. किल्ली एका शुक्रवारी दुपारी मिळाली. कराचे विवरण चौदा दिवसांत गेले आणि १८६२ पासून चालत आलेल्या जमीन नोंदणी कार्यालयात दोघांची नावे चढावयाची राहिली.

जे पुढे कधी परत येण्याचा विचार करतात त्यांच्यासाठी एकच गोष्ट राहिली. परदेशात राहत असताना घेतलेले घर भारतात परतल्यावरही आपल्याजवळ ठेवता येते, १९९९ च्या परकीय चलन कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. परंतु येथे पूर्ण अर्थाने निवासी झाल्यावर दरवर्षी प्राप्तिकराच्या विवरणात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात त्याची नोंद करावी लागते, भाडे येवो वा न येवो. ती राहिली तर २०१५ च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. त्या रकान्यात पत्ता, खरेदीची तारीख आणि मूळ किंमत विचारतात, आणि वीस वर्षांनी हे कागद कोणाला सापडत नाहीत. म्हणून मी भावाकडून सॉलिसिटरच्या अखेरच्या हिशोबाची एक प्रत मागवून घेतली. ती वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत हक्कसोडपत्राशेजारी ठेवली आहे.